वालाचा दाणा आणि पेशींचे चिकटणे

चांदूर रेल्वेच्या धान्यबाजारात दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची पोती येऊन पडतात, संक्रांतीनंतर तूर येऊ लागते आणि ऊन तापू लागले की हरभरा. मुंबईहून निघालेला जी.आय.पी.चा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. त्या मार्गावरचे हे गाव जिल्ह्यातल्याच चांदूर बाजारपासून वेगळे ओळखता यावे म्हणून आपल्या नावात रेल्वे बाळगून आहे. मार्ग आला तो वऱ्हाडच्या कापसासाठी. गाठी गेल्या, त्यांचा इतिहास लिहिला गेला आणि अजूनही लिहिला जातो. पण कापसाच्या ओळींत आंतरपीक म्हणून उभी राहणारी तूर, परसातल्या मांडवावर चढलेला वाल (आमच्याकडे ज्याला पोपट म्हणतात तो), धुऱ्यावरची बरबटी, यांचा इतिहास कुणी फारसा लिहिलेला नाही. या दाण्यांच्या पोटात काय असते याचा शोध घेणारे एक मोठे काम मराठी माणसाच्या हातून मुंबईत झाले आहे. ते करणाऱ्या बाईंचे नाव सर्वांना ठाऊक आहे, काम मात्र जवळजवळ कुणालाच नाही.

कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते त्याचा साचा आता ठरून गेला आहे. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने पार पाडून १९३३ साली त्या बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेकडे, प्रवेश मागायला गेल्या. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनतज्ज्ञ, त्यामुळे घरातून पाठबळ होते. कमलाबाई हटल्या नाहीत, सत्याग्रहाची भाषा बोलल्या, आणि अखेर अटी घालून प्रवेश मिळाला. एक वर्ष नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल, पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. वर्षभराने रामन यांचे मन वळले आणि पुढे इतर मुलींनाही दार उघडले. १८ जून २०२३ रोजी गूगलने त्यांच्या जन्मदिनाचे चित्र लावले तेव्हा वर्तमानपत्रांतून हीच गोष्ट पुन्हा फिरली.

गोष्ट खरी आहे आणि सांगण्याजोगीही आहे. आमची तक्रार निराळी आहे. एखाद्या संशोधकाच्या चरित्रात तो प्रयोगशाळेत शिरला कसा याला दहा पाने द्यावीत, आणि आत शिरून पस्तीस वर्षे त्याने काय केले याला दीड ओळ, हा कुठला न्याय? रामन यांच्याविषयी लिहिताना असे कुणी करत नाही. त्यांच्या बाबतीत प्रकाशाच्या विकिरणाबद्दल निदान दोन परिच्छेद तरी येतात. कमलाबाईंच्या वाट्याला 'नीरेवर संशोधन केले, राष्ट्रपती पुरस्कार मिळाला' एवढेच येते. स्त्रीला दाराशी अडवणारी दृष्टी आणि तिचे सगळे कर्तृत्व दाराशीच मोजणारी दृष्टी यांत आम्हांस वाटते तितके अंतर नसावे.

'विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री' या बिरुदाचेही तसेच. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. १९३१ सालीच मिळाली होती. कमलाबाईंची केंब्रिजची पदवी १९३९ची. 'पहिली' कोण, हा वाद पदव्यांच्या नावांवर अवलंबून राहतो आणि त्यातून हाती काही लागत नाही.

तेव्हा कामाकडे वळू. बंगळूरला एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ साली एम.एस्सी. मिळवली. केंब्रिजला सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या विभागात आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. बटाट्यावर काम करता करता त्यांच्या ध्यानात आले की प्राण्यांच्या पेशींत श्वसनाला हातभार लावणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता, आणि चौदा महिन्यांत पदवी मिळाली. भारतात परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागाकडे गेल्या. इथून पुढचा काळ आमच्या विषयाचा.

प्रश्न साधा वाटेल असा होता. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिन असते. गरिबाच्या ताटातले मांस ते हेच, असे पोषणशास्त्राची पुस्तके तेव्हाही सांगत. पण कागदावरचे हे प्रथिन अंगी लागते किती? कडधान्यांत गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात हे एक कारण माहीत होते. दुसरे कारण अमेरिकेत सोयाबीनवरच्या प्रयोगांतून हळूहळू पुढे आले होते. १९१७ साली ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी दाखवले की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, तेच शिजवून दिले तर वाढतात. म्हणजे दाण्यात नुसती उणीव नव्हती, अडथळाही होता, आणि तो उष्णतेने मोडत होता. १९४५-४६ मध्ये कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून तो अडथळा शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळा काढला. ते एक प्रथिनच निघाले, आणि आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचक विकराला ते निकामी करत होते.

ट्रिप्सिनचे काम कात्रीचे. अन्नातल्या प्रथिनाची लांब साखळी ते ठरावीक जागी, म्हणजे लायसिन किंवा आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे, कापते. कापून झालेले लहान तुकडे म्हणजे पेप्टाइड, आणि त्यांचे आणखी तुकडे झाले की आतडे ते शोषून घेते. रोधक प्रथिन आपल्या अंगावर एक वेटोळे पुढे काढून ठेवते आणि त्या वेटोळ्यात नेमके ट्रिप्सिनला हवे ते अमिनो आम्ल असते. कात्री ते पकडते, पण वेटोळे इतके घट्ट बांधलेले की कापून मोकळे होणे जवळजवळ घडतच नाही. कात्री आणि तुकडा एकमेकांत अडकून पडतात. दाण्याच्या दृष्टीने हा बंदोबस्त आहे. पुढच्या रोपासाठी साठवलेले धन कुणी खाल्ले तरी त्याला ते पचू नये.

कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न भारतीय बाजारात आणला. १९५४-५५ मध्ये भाज्या आणि कडधान्ये यांची पद्धतशीर तपासणी करून, कशात ट्रिप्सिनरोधक किती आहे याचे लेख प्रसिद्ध झाले. आणि १९५५ साली 'नेचर'मध्ये सोहोनी आणि अंबे यांचे एक छोटे टिपण आले: वाल आणि डबल बीन यांतून त्यांनी ट्रिप्सिनरोधकाचे स्फटिक मिळवले होते. प्रथिनाचे स्फटिक मिळणे म्हणजे पदार्थ एकच आहे, भेसळ नाही, याचा त्या काळातला सर्वांत भक्कम पुरावा. कुनिट्झ यांच्यामागे रॉकफेलर इन्स्टिट्यूट होती. इथे मुंबईतले एक सरकारी महाविद्यालय होते, आणि द्रव्य होते वाल. कोकणी माणूस बिरड्यासाठी भिजवतो आणि आमच्याकडे थंडीत पोपटीचे दाणे म्हणून शिजतो, तेच ते. दहा वर्षांचे अंतर या हिशेबात फार नाही.

पुढे कळले की कडधान्यांतले यांपैकी बरेचसे रोधक आकाराने फार लहान असतात. बोमन आणि बर्क यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुळातला सोयाबीनचा रोधक अवघ्या ७१ अमिनो आम्लांचा आहे आणि त्यात गंधकाचे सात पूल आहेत. प्रथिन म्हणावे की पेप्टाइड, अशा सीमेवरचा हा रेणू, आणि त्या पुलांमुळे उष्णतेलाही बराच चिवट. दाणे रात्रभर भिजवणे, मोड आणणे, पाणी फेकून देणे आणि मग पुरते शिजवणे या क्रमाला आजीच्या हट्टापलीकडे कारण आहे ते इथे. पण सगळ्या स्वयंपाकघरांना हे आधीच ठाऊक होते असे म्हणून टाळ्या मिळवण्याचा मोह आम्ही टाळू. किती वेळ शिजवावे, कोणता दाणा अधिक धोक्याचा, मोडाने नेमके किती कमी होते, हे मोजल्यावाचून कळत नाही, आणि मोजण्याचे काम प्रयोगशाळेत झाले.

वालात आणखी एक द्रव्य होते, आणि ते आजच्या जीवशास्त्राला अधिक जवळचे आहे. १८८८ साली डोर्पाट येथे स्टिलमार्क या तरुण वैद्याने पाहिले की एरंडीच्या बियांचा अर्क रक्तात मिसळला तर तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. अशी द्रव्ये कडधान्यांत सर्रास आढळू लागली. त्यांना हीमॅग्लुटिनिन म्हणत. १९५४ साली बॉइड यांनी 'निवडणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून लेक्टिन हे नाव दिले. कारण ती निवड करत होती. पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांची झालर असते. प्रत्येक लेक्टिन तीतली आपली ठरावीक शर्करा ओळखते, आणि त्याला दोन किंवा अधिक हात असल्यामुळे एका हाताने ही पेशी, दुसऱ्याने ती, अशी साखळी जोडत जाते. याचे सर्वांत देखणे उदाहरण आपल्या हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी भारतात काम करत असताना १९५१ साली 'करंट सायन्स'मध्ये लिहिले की कुळथाचा अर्क विशिष्ट गटाच्याच रक्तपेशी गोळा करतो. त्यातून अ गटाच्या रक्ताचे अ१ आणि अ२ हे पोटभेद ओळखण्याचे साधन मिळाले. जगभरच्या रक्तपेढ्यांत कुळथाचे हे लेक्टिन आजही वापरतात. शेंगोळ्यांच्या पिठात हे बसले आहे, हे शेंगोळे करणाऱ्यांनी ऐकले तर त्यांना गंमत वाटेल.

वालाच्या लेक्टिनवर साळगरकर आणि सोहोनी यांचे दोन लेख १९६५ साली आले. पहिल्यात ती वेगळी करून शुद्ध कशी केली आणि त्यांचे गुणधर्म काय, हे आहे. दुसऱ्यात त्यांतले एक उंदरांना खाऊ घातल्यावर काय झाले हे आहे. वाढ खुंटली. कच्च्या वालाचा दोष एकट्या ट्रिप्सिनरोधकावर टाकता येत नाही, असा त्याचा अर्थ. लेक्टिन आतड्याच्या अस्तराच्या पेशींवरील शर्करांना धरून बसते आणि शोषणाचे काम बिघडवते, हे चित्र पुढे अनेक ठिकाणच्या कामातून स्पष्ट झाले. इथे दोन गोष्टी एका दाण्यात भेटतात. एक कात्री अडवते, दुसरी पेशींना चिकटते.

कमलाबाईंना पेशींच्या चिकटण्याचे शास्त्र घडवायचे होते असा आमचा दावा नाही. त्यांचा डोळा पोषणावर होता. पण त्यांच्या हातातला पदार्थ ज्या प्रश्नाकडे बोट दाखवत होता तो पुढच्या वीस वर्षांत जीवशास्त्राच्या मध्यभागी आला. शरीरातल्या पेशी एकत्र राहतात कशा? जखम भरताना त्या जागेवर पोचतात कशा, कर्करोगात सुटून जातात कशा? १९८४ साली कॅलिफोर्नियात पिअरशबाखर आणि रुओस्लाहती यांनी दाखवले की फायब्रोनेक्टिन या अवाढव्य प्रथिनातला केवळ तीन अमिनो आम्लांचा तुकडा, आर्जिनिन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल, पेशींना पकड म्हणून पुरतो. तेवढाच तुकडा कृत्रिम रीत्या बनवून पाण्यात सोडला तर पेशी त्याला धरतात आणि मूळ जागा सोडतात. चार वर्षांनी, १९८८ साली, याच तीन अक्षरांचा वापर निसर्गाने आधीच केलेला सापडला तो फुरशाच्या विषात. एकिस्टॅटिन हे त्यातले ४९ अमिनो आम्लांचे पेप्टाइड रक्तबिंबिकांची पकड सोडवते आणि त्यांना एकमेकींना चिकटू देत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात वापरले जाणारे टायरोफिबान हे औषध, १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले, याच पकडीच्या नकलेवर बेतलेले आहे. आणि १९८९ साली उमगले की पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला ज्यांच्या आधाराने प्रथम टेकतात ती सिलेक्टिन प्रथिने म्हणजे आपल्याच शरीरातली लेक्टिने होत. वालातल्या लेक्टिनलाही पुन्हा बोलावणे आले. १९९९ साली वालाच्याच एका लेक्टिनचे जनुक वेगळे काढून दाखवले गेले की ते रक्ताच्या मूळपेशींना काचपात्रात दीर्घकाळ टिकवून धरते.

कमलाबाईंचे पुढचे आयुष्य इथे थोडक्यात सांगणे भाग आहे. संस्थेचे संचालकपद त्यांना बऱ्याच विलंबाने मिळाले. आरे दूध योजनेला त्यांचा सल्ला असे. १९६६ साली मुंबईत ग्राहक मार्गदर्शक संस्था उभी राहिली तिच्या त्या एक आधार होत्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या, आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात लिहीत. वजनमापात आणि अन्नात ग्राहक कसा फसवला जातो हे बाईंनी तितक्याच काटेकोरपणे पाहिले. थोरल्या बहिणीने 'खमंग' नावाचे पाककृतींचे पुस्तक लिहावे आणि धाकटीने त्याच डाळींतले रोधक मोजावेत, हा योग एका घरात जुळून आला. मराठी साहित्याने थोरलीला आपले मानले. धाकटीचे लेखन इंग्रजी नियतकालिकांत राहिले आणि मराठीत त्याची ओळख करून देण्याचे काम कुणी अंगावर घेतले नाही. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि सहकाऱ्यांचा एक लेख 'प्लांट फिजिऑलॉजी'त आला. विषय होता हरभऱ्यातले ट्रिप्सिनरोधक आणि घाटेअळी. हीच अळी तुरीच्या शेंगा पोखरते आणि पऱ्हाटीवर आली की तिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात. लेखाचा निष्कर्ष शेतकऱ्याला न आवडणारा होता. हरभरा आपले रोधक तयार करतो खरा, पण अळीच्या आतड्यातली विकरे त्यांनाच कापून टाकतात. ज्या दाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसली, त्याच्या कुलुपाची किल्ली अळीने करून घेतली आहे. पुढच्या वर्षीच्या लेखात त्याच गटाने दाखवले की अळी सहसा खात नाही अशा झाडांचे रोधक तिला अधिक जड जातात. कमलाबाईंनी उंदरासाठी विचारलेला प्रश्न इथे अळीसाठी विचारला गेला.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत वऱ्हाडात दुसरे बियाणे शोधून मिळेनासे झाले. बीटीचे प्रथिन अळीच्या पोटात काय करते ते पाहावे. आधी अळीचीच ट्रिप्सिनसारखी विकरे त्याला कापतात, आणि कापल्यावरच ते विषारी होते. मग ते आतड्याच्या अस्तरातल्या एका प्रथिनाला चिकटते. हे प्रथिन कॅडहेरिनच्या कुळातले. जपानच्या ताकेइची यांनी १९८४ साली पेशींना पेशींशी जोडणाऱ्या प्रथिनांना हे नाव दिले, तेच कूळ. कापणे आणि चिकटणे, वालाच्या दाण्यातली ती दोन्ही प्रकरणे, बोंडअळीच्या पोटात एकापाठोपाठ एक घडतात आणि अळी मरते. शेंदरी बोंडअळीने यातून वाट काढली. २०१४ साली भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या, बीटीला दाद न देणाऱ्या शेंदरी अळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या कॅडहेरिनचा संदेश ठिकठिकाणी तुटलेला, निरनिराळ्या रीतीने जोडलेला निघाला. चिकटायला जागाच नीट उरली नव्हती.

२०१७च्या हंगामात विदर्भाच्या पऱ्हाटीत शेंदरी अळी सगळीकडे होती. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बोंड वरून शाबूत दिसे, आणि फोडले की आत सरकी पोखरलेली असे.